संग्रहालयाच्या वाढदिवसाला कसं जावं

माझा धंदा दातांचा. जर्मनीतल्या कोलोन शहरातल्या एका डेंटल लॅबमध्ये गेली अठरा वर्षं मी चिनी मातीचे दात घडवते. ब्रशच्या टोकाने भुकटीचा एकेक थर चढवायचा, भट्टीत घालायचा, बाहेर आला की खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडात रंग जुळतोय का ते बघायचं. त्यामुळे इथल्या पूर्व आशियाई कलेच्या संग्रहालयात पहिल्यांदा गेले तेव्हा चीनच्या सोंग राजवटीच्या काळातल्या हिरवट वाडग्यासमोर माझ्या मनात इतिहास वगैरे काही आला नाही. हा भाजणाऱ्याची किती भांडी भट्टीत वाया गेली असतील आणि त्यासाठी त्याने कुणाची बोलणी खाल्ली असतील, एवढंच आलं.

तेव्हापासून अशा संग्रहालयांच्या वर्धापन प्रदर्शनांची मला चटक लागली आहे. एरवीच्या प्रदर्शनात संग्रहालय तुम्हाला चीन, जपान, कोरिया दाखवतं. वाढदिवसाला ते स्वतःची ट्रंक उघडतं: आम्ही हे कुठून आणलं, कुणी दिलं, काय गमावलं. ते बघण्याची रीत वेगळी आहे. मला ती चुका करतच कळली, तुम्हाला आयती सांगते.

आधी जन्मतारीख काढा

जाहिरातीवर नुसतं ‘शंभर वर्षं’ लिहिलेलं असतं. कशाला शंभर, ते घरून निघण्याआधीच शोधायचं. संग्रहालयाला दोन-तीन जन्मतारखा असतात, पत्रिका बघणाऱ्याची पंचाईत व्हावी अशा.

कोलोनचंच बघा. आडोल्फ फिशर हा श्रीमंत घरातला व्हिएन्नाचा माणूस, त्याची बायको फ्रीडा. दोघं वर्षानुवर्षं जपान, चीन, कोरियात हिंडली, वस्तू जमवल्या, आणि १९०९ मध्ये कोलोन शहराशी करार करून सगळा संग्रह शहराच्या हवाली केला. पण दारं उघडली १९१३ च्या ऑक्टोबरात. पुढच्याच वर्षी आडोल्फ गेला आणि संग्रहालय फ्रीडाने हातात घेतलं. जर्मनीत त्या काळी बाई संग्रहालयाची प्रमुख असणं ही विरळाच गोष्ट. १९३७ मध्ये नाझी राजवटीने तिला त्या जागेवरून घालवलं, कारण तिचा दुसरा नवरा ज्यू होता. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत ती जुनी इमारत गेली. वस्तू आधीच दुसरीकडे हलवल्या होत्या म्हणून वाचल्या. मग तीसेक वर्षं संग्रहाला स्वतःचं घर नव्हतं. आजची इमारत १९७७ ची, कुनिओ माएकावा या जपानी वास्तुकाराची. तरुणपणी पॅरिसमध्ये ल कॉर्बुझिए या नामांकित वास्तुकाराच्या हाताखाली काम केलेला हा माणूस.

म्हणजे शंभरी दोनदा झाली, २००९ आणि २०१३ ला, आणि इमारतीची पन्नाशी २०२७ ला आहे. या तारखांना एकच सोहळा समजू नका. कराराचा वाढदिवस असेल तर फिशर दांपत्याने काय विकत घेतलं हा विषय असायला हवा. दारं उघडल्याचा असेल तर पहिली मांडणी कशी होती, कपाटं कशी होती, हे बघायचं. ती मांडणी योझेफ फ्रांक या व्हिएन्नाच्याच वास्तुकाराने केली होती, त्यामुळे जुने फोटो लावले असतील तर त्यांच्यापाशी थांबा. इमारतीचा असेल तर भिंतींकडे, फरशीकडे, खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याकडे बघा. कुठला वाढदिवस निवडला यावरून ट्रंकेतला कुठला कप्पा उघडणार ते निम्मं कळतं.

इतर काही तारखा माझ्या वहीत आहेत. पॅरिसचं सेर्नुस्की संग्रहालय १८९८ चं. बुडापेस्टमध्ये फेरेन्त्स होप या व्यापाऱ्याने १९१९ मध्ये आपला बंगला आणि संग्रह मरताना देऊन टाकला, त्याचं संग्रहालय झालं. स्टॉकहोमचं १९२६ चं. इंग्लंडातल्या बाथ गावी जॉर्ज राजांच्या काळातल्या एका जुन्या घरात छोटंसं संग्रहालय आहे, ते १९९३ चं. हाँगकाँगमध्ये आयुष्यभर वकिली केलेल्या ब्रायन मॅकेल्नी यांच्या संग्रहातून ते उभं राहिलं.

गंमत अशी, की ज्या देशांच्या वस्तू आत ठेवल्यात तिथला मोठा वाढदिवस पन्नासावा नाही, साठावा. दहा आणि बारा अशी दोन चक्रं एकमेकांत फिरत साठ वर्षांनी पुन्हा पहिल्या जागी येतात. जपानात साठी झालेल्याला लाल टोपी आणि लाल बंडी घालतात, कोरियात मोठं जेवण असतं. प्रभव ते क्षय ही साठ संवत्सरं ज्याच्या पंचांगात आहेत त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. युरोपातली संग्रहालयं मात्र पंचवीस, पन्नास, शंभर याच पायऱ्या चढतात.

पाहुणे की घरचे

वर्धापन प्रदर्शनांच्या दोन जाती. एकीत संग्रहालय बाहेरून नामांकित वस्तू पाहुण्या म्हणून मागवतं आणि त्यांच्या जोरावर रांगा लावतं. दुसरीत घरच्याच वस्तू, पण एरवी गोदामात पडून असलेल्या. मी सरळ सांगते, मला दुसरी जात आवडते. पाहुण्याचं कौतुक करण्यात यजमान स्वतःबद्दल काही बोलतच नाही.

पाहुण्यांच्या प्रदर्शनाला जायचं असेल तर गर्दीची तयारी ठेवूनच जा. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयाला २०१५ मध्ये नव्वद वर्षं झाली. ते १९२५ चं. त्या निमित्ताने ‘छिंगमिंगच्या सणाला नदीकाठी’ हे पाच मीटरहून लांब गुंडाळीचित्र काढलं होतं. वस्तू घरचीच, पण मान पाहुण्याचा. सकाळी दार उघडलं की लोक अक्षरशः पळत सुटायचे, आणि त्या पळण्याला चिनी भाषेत ‘राजवाडा-धाव’ असं नावच पडलं. कित्येक तास उभं राहून चित्रासमोर मिळणार काही मिनिटं. माझे गुडघे अठरा वर्षं स्टुलावर बसून गेलेत, मला ते जमणारं नाही.

दोनदा जायचं ठरवूनच निघा

ही चूक मी केली आहे. एका शहरातल्या संग्रहालयाचा सुवर्णमहोत्सव होता. भित्तिपत्रकावर बांबू आणि चिमणीचं एक शाईचित्र होतं, तेवढ्यासाठी मी चार तास आगगाडीत बसले. शेवटच्या आठवड्यात गेले, कारण म्हटलं तोवर गर्दी ओसरेल. गर्दी ओसरली होती आणि चिमणीही उडाली होती. त्या जागी दुसरंच चित्र, खाली बारीक अक्षरात ‘पहिल्या टप्प्यात प्रदर्शित’. खिडकीवरच्या माणसाने खांदे उडवले. त्याचाही दोष नव्हता म्हणा, वेळापत्रक त्यांनी छापलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

कारण असं. रेशमावरची आणि कागदावरची चित्रं, लाकडी ठशांची जपानी चित्रं, रंगवलेली वस्त्रं यांना उजेड खातो. एकदा उडालेला रंग परत आणता येत नाही. म्हणून त्यांच्यावर साधारण पन्नास लक्सच (उजेड मोजायचं माप) उजेड ठेवतात. माझ्या लॅबच्या टेबलावर त्याच्या दहापट तरी असतो. तेवढ्या मंद उजेडातही ती काही आठवडेच बाहेर राहतात, मग काळोखात विश्रांतीला जातात आणि त्यांच्या जागी दुसरी येतात. चिनी मातीची भांडी, कांस्याची पात्रं, जेड नावाच्या हिरवट दगडाच्या वस्तू यांना उजेडाचं काही वाटत नाही, ती पूर्ण काळ तिथंच असतात. लाख चढवलेल्या वस्तू मधल्या गटातल्या, त्यांना उजेडही जपून आणि हवाही फार कोरडी नको.

याचं ठसठशीत उदाहरण टोकियोचं. तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयाला २०२२ मध्ये दीडशे वर्षं झाली. आपल्या मालकीचे सगळेच्या सगळे ८९ ‘राष्ट्रीय ठेवे’ दाखवू असं त्यांनी जाहीर केलं आणि दाखवलेही. पण एका दिवशी एकत्र नाही, पाळीपाळीने. तलवारी होत्या १९, त्या एका दालनात ठाण मांडून बसलेल्या, पोलादाला काय धाड भरते. हासेगावा तोहाकू या चित्रकाराचे धुक्यातल्या पाइन वृक्षांचे घडीचे रंगवलेले पडदे मात्र थोडेच दिवस. एकाच तिकिटात ८९ बघू म्हणणाऱ्याची फसगत ठरलेली.

तेव्हा कृती अशी. तिकीट काढण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बदलाचं वेळापत्रक शोधा. नसेल तर एक ओळीची मेल टाका: अमुक चित्र कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आहे? उत्तर येतं, माझा अनुभव चांगला आहे. तुम्हाला हवी ती वस्तू मातीची असेल तर केव्हाही जा. कागदाची किंवा रेशमाची असेल तर तारीख वस्तूने ठरवायची, तुम्ही नाही. आणि जमलं तर बदलाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा जा. त्याच भिंतीवर त्याच विषयासाठी क्युरेटरने, म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्याने, पहिल्यांदा काय निवडलं आणि दुसऱ्यांदा काय, यातून त्यांच्या गोदामात काय काय आहे याचा अंदाज येतो.

उद्घाटनाचा आठवडा टाळा. भाषणं, फुलं, आणि वस्तूंकडे पाठ करून उभी असलेली माणसं. त्यानंतरच्या आठवड्यात, कामाच्या वारी, दार उघडतानाच पोचलेलं उत्तम. कोलोनमध्ये राहणाऱ्यांना शहराच्या संग्रहालयांत महिन्याच्या पहिल्या गुरुवारी कायमच्या संग्रहाला प्रवेश फुकट असतो. ओळखपत्र सोबत हवं. मी कामावरून परस्पर तिकडे जाते, एक किंवा सात नंबरची ट्राम, थांब्याचं नाव उनिव्हर्सिटेट्सश्ट्रासे.

डोळ्यांना दहा मिनिटं द्या

कोलोनच्या इमारतीत शिरलात की समोर मोठ्या काचा आणि पलीकडे तलाव. आखनर वाइअर म्हणतात त्याला. उजेड भरपूर. तिथून थेट चित्रांच्या दालनात गेलात तर पहिली पाच मिनिटं काळोखच दिसतो, आणि लोक पाट्यांवर वाकून ‘इथं दिवे का नाहीत’ म्हणून कुरकुरत पुढे जातात. पहिल्या दालनात एखादा बाक शोधून नुसतं बसा. डोळे जुळवून घेतात. मी दाताचा रंग ठरवताना दर थोड्या वेळाने नजर करड्या कागदावर विसावते, तसंच हे.

मातीची भांडी आधी बघायची की चित्रं, असा प्रश्न असेल तर चित्रं आधी. मन ताजं असताना. भांड्यांच्या दालनात उजेड जास्त असतो, दमल्यावरही ती बघता येतात. अंगावर काहीतरी उबदार असू द्या. आतली हवा वस्तूंच्या सोयीची असते, तुमच्या नाही.

पाटी खालून वर वाचा

सगळे पाटी वरून वाचतात: नाव, देश, राजवंश, शतक. वाढदिवसाच्या प्रदर्शनात सगळ्यात खालची बारीक ओळ आधी वाचायची. वस्तू घरात कशी आली ते तिथे असतं.

जर्मन संग्रहालयात चार शब्द ओळखता आले तरी काम होतं. अंकाउफ म्हणजे विकत घेतलेली. शेंकुंग म्हणजे कुणी जिवंतपणी भेट दिलेली. फरमेख्टनिस म्हणजे मृत्युपत्रातून आलेली. लाइगाबे म्हणजे उसनी, परत जाणारी. एक दालन घ्या आणि हे चार नुसते मोजा. वीसातल्या पंधरा वस्तू लाइगाबे निघाल्या तर समजा की हा पाहुण्यांच्या जिवावरचा वाढदिवस आहे. शेंकुंगमध्ये एकच आडनाव पुन्हा पुन्हा येत असेल तर त्या घराण्याची आवड तुम्ही बघत आहात, पूर्ण चीन नव्हे.

मग दाखल क्रमांक. पुष्कळ ठिकाणी त्या क्रमांकातच वस्तू आल्याचं वर्ष दडलेलं असतं, एकदा पद्धत कळली की दालनभर वाचता येतं. युद्धाच्या आधीचे, युद्धातले, नंतरचे. १९३३ ते १९४५ मधलं वर्ष दिसलं की मी थांबते, कारण त्या वर्षांत ज्यू संग्राहकांकडून काय काय आणि कुठल्या दराने हिसकावलं गेलं ते आता माहीत आहे. तसंच १९०० आणि १९०१. त्या वेळी चीनमधलं परकीयांविरुद्धचं बॉक्सर बंड मोडायला आठ देशांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या, त्यात जर्मनही होते, आणि शहर लुटलं गेलं. अशा तारखेची प्रत्येक वस्तू लुटीचीच असते असं मुळीच नाही. पण वर्धापन प्रदर्शनात संग्रहालय त्याबद्दल काही बोलतं की गप्प बसतं, याकडे माझं लक्ष असतं. बोलत असेल तर त्या पाट्या सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात वाचनीय असतात.

भांड्याच्या बुडाशी

आता माझ्या प्रांतात आलो. इथं मी जरा रेंगाळणार.

चिनी मातीचं भांडं समोरून बघून अर्धंच कळतं. खाली वाका आणि बूड बघा. चांगली संग्रहालयं भांड्याखाली आरसा ठेवतात, वर्धापन प्रदर्शनात तर हमखास. बुडाच्या कड्यावर झिलई नसते, कारण भट्टीत भांडं तिथे टेकलेलं असतं. तिथे माती उघडी दिसते. शुभ्र आणि बारीक असेल तर जिंगदेझन या चीनमधल्या भट्ट्यांच्या गावाकडची असण्याची शक्यता मोठी. आपण ज्या पांढऱ्या मातीला केओलिन म्हणतो तिचं नावच त्या गावाजवळच्या गावलिंग टेकडीवरून आलंय. करडी किंवा भाजून तांबूस झालेली असेल तर हिरव्या झिलईच्या भांड्यांचा प्रांत, लोंगछुआनसारखा. मी दात भाजते ते नऊशे अंशांच्या आसपास. जिंगदेझनची भट्टी तेराशेच्या घरात, लाकडं घालून, डोळ्याने ज्वाळेचा रंग ओळखत. माझ्या भट्टीला आकडे दाखवणारा पडदा आहे, तरी आठवड्याला एक दात फुकट जातो.

बुडावर निळ्या अक्षरांत सहा चिन्हं असतील तर ती राजवटीची मोहोर. उजवीकडच्या ओळीपासून, वरून खाली वाचायची: महान मिंग (हे राजवंशाचं नाव), मग बादशहाच्या कारकिर्दीचं नाव, मग ‘काळात बनवलं’. पण त्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवू नका. सतराव्या-अठराव्या शतकातल्या कुंभारांनी दोन-अडीचशे वर्षं आधीच्या शुआन्द, छंगहुआ या कारकिर्दींची नावं सर्रास घातली. काहींनी फसवायला, बऱ्याच जणांनी जुन्या कामाला मान म्हणून. म्हणून पाटीवर ‘छंगहुआची मोहोर, कांगशी काळ’ असं लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका: भांडं नंतरच्या कांगशी बादशहाच्या काळातलं, मोहोर जुन्या बादशहाची.

आणि भेगा. झिलईवरची बारीक जाळी. माझ्या धंद्यात ती दिसली की दात कचऱ्यात. आतला साचा आणि वरचा थर निवताना सारखे आकसले नाहीत की वरचा थर तडकतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. सोंग काळातल्या दरबारी भट्ट्यांनी हाच दोष मुद्दाम घडवून आणला. माती आणि झिलई अशी निवडली की जाळी पडेलच, मग त्या भेगांत काळसर रंग मुरवला. गुआन आणि ग या नावांच्या भांड्यांत ते दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं. माझ्या साहेबांनी जे बघितलं की कपाळावर हात मारला असता, ते तिथे बादशहाच्या हाती होतं. एखादी अशी वाटी दिसली तर पुढून सरळ बघून निघू नका, डोकं हळूहळू डावी-उजवीकडे हलवा. जाळीतल्या काही रेघा खोल असतात, काही वरवर. झिलई जाड असेल तर आत धुकं असल्यासारखं दिसतं. फोटोत हे उतरत नाही, म्हणून फोटो काढण्यात वेळ घालवू नका.

डागडुजीही शोधा. जपानात फुटलेलं भांडं लाखेने सांधून सांध्यावर सोन्याची पूड लावत. ती सोनेरी नस सगळ्यांना माहीत झाली आहे आणि तिच्यावर जरा जास्तच प्रवचनं झोडली जातात. मला त्याहून धातूचे टाके घातलेली भांडी आवडतात. दोन्ही बाजूंना न आरपार जाणारी भोकं पाडून छोट्या कड्यांनी शिवलेली. काम कौशल्याचं, मिरवण्याचं नाही.

गुंडाळी आणि पडदा

आडवं गुंडाळीचित्र भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतंच. मेजावर ठेवून दोन हातांच्या मधे जेवढं मावेल तेवढं उघडायचं, उजवीकडून डावीकडे, बघून झालेलं गुंडाळत पुढे जायचं. काचेच्या कपाटात ते दोन-तीन मीटर पसरलेलं असतं. तुम्ही उजव्या टोकाला जा आणि हातभर रुंदीचंच बघत डावीकडे सरका. गर्दी बहुतेक उलटी येते, त्यांना वाट द्या. चित्र संपल्यावर अक्षरं सुरू होतात: नंतरच्या मालकांनी आणि वाचकांनी लिहिलेले अभिप्राय. आणि लाल शिक्के. एका शिक्क्याची चिन्हं वाचता आली नाहीत तरी शिक्के मोजा. छ्येनलोंग बादशहाला तर चित्राच्या मोकळ्या आभाळातही शिक्के मारायची हौस होती. संग्रहालयाचा वाढदिवस बघायला गेलेल्याने हे शिक्के बघायलाच हवेत, कारण मालकीची नोंदवही वस्तूच्या अंगावरच आहे.

घडीच्या पडद्यांसमोर खाली बसा. खरंच. ते बघणारा माणूस तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या जपानी चटईवर, बसलेला असे आणि उजेड खालून, बाजूने, ज्योतीचा. उभं राहून बघितलं की सोनं पत्र्यासारखं दिसतं. गुडघे टेकले, किंवा निदान बाकावर बसलं की तेच सोनं मागून उजळतं. मग उजव्या पडद्यापासून सुरुवात करून एका टोकाकडून तिरकं बघा. घड्यांमुळे काही झाडं लपतात, काही पुढे येतात. रखवालदार एकदा माझ्याकडे काळजीने बघत आला होता, मला चक्कर आली की काय म्हणून.

ओळखीची माणसं

सासूबाई आल्या होत्या तेव्हा मी त्यांना तिथे नेलं. मला वाटलं, अर्ध्या तासात कंटाळतील. एका रंगीत बोधिसत्त्वासमोर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या.

“अगं, याला मिशी आहे आणि दागिने मात्र बाईचे. हा देव की देवी?”

“आई, हा अवलोकितेश्वर. चीनमध्ये पुढे पुढे त्याची देवीच झाली. गुआनयिन म्हणतात.”

“मग मधलाच असेल हा,” म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

त्यांनी जे एका वाक्यात पकडलं ते समजून घ्यायला मला दोन पुस्तकं लागली होती. आपल्या वाचकाला या दालनांत एक फायदा आहे. जपानी नावांच्या मागे जुने ओळखीचे लोक उभे असतात. कान्नोन म्हणजे तोच अवलोकितेश्वर. हातात बिवा हे तंतुवाद्य घेतलेली बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. चिलखत घातलेला बिशामोनतेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. पोतं घेऊन हसणारा दाइकोकुतेन मूळचा महाकाल, यावर सासूबाईंनी अजून विश्वास ठेवलेला नाही. पाटी वाचण्याआधी ओळखायचा खेळ करा, लहान मुलं बरोबर असतील तर फार चालतो.

लाकडी मूर्तीच्या पाठीमागे जाता येत असेल तर जाच. पुष्कळ जपानी मूर्ती अनेक ठोकळे जोडून, आतून पोकळ केलेल्या असतात. त्या पोकळीत कधी पोथ्या, कधी नावांची यादी ठेवलेली सापडली आहे.

काय नाही तेही विचारा

क्युरेटर स्वतः फिरवून आणतात अशी फेरी एखाद्या दिवशी असते. तिचं वेळापत्रक बघून नाव घाला. शेवटी प्रश्न विचारा म्हणतात तेव्हा मी नेहमी एकच विचारते: हे मांडताना काय वगळावं लागलं? त्यावर क्युरेटरची कळी खुलते. जागा नव्हती, उसनं मिळालं नाही, दुरुस्तीला गेलंय, आणि क्वचित, आम्हाला आता ते खरं वाटत नाही. हा शेवटचा प्रकार ऐकण्यासारखा असतो. संस्थापकांच्या काळात घेतलेल्या वस्तूंत थोड्याफार नकला निघतातच, आणि धीट संग्रहालयं वाढदिवसाला त्याही मांडतात.

कधी वगळलेलं दुसऱ्याच कुणी नेलेलं असतं. बाथच्या त्या छोट्या संग्रहालयात एप्रिल २०१८ मध्ये, म्हणजे पंचविशी भरत असतानाच, मुखवटे घातलेल्या चोरांनी रात्री घुसून जेडच्या आणि इतर वस्तू नेल्या. अशा ठिकाणी गेलात तर रिकाम्या जागेबद्दल दबक्या आवाजात नको, सरळ विचारा. सांगतात.

कोलोनमध्ये हा प्रश्न विचारून झाला की मी बाहेर पडून संग्रहालयाशेजारच्या टेकडीवर चढते. ती टेकडी नैसर्गिक नाही. युद्धात पडलेल्या शहराचा राडारोडा तिथे टाकला, त्यावर गवत उगवलं. आता त्या बागेला हिरोशिमा-नागासाकीचं नाव आहे. वरून माएकावाची बसकी, तपकिरी फरश्यांची इमारत आणि तलाव एका नजरेत येतात.

किरकोळ, पण अडतं ते

लॉकरसाठी नाणं खिशात असू द्या, परत मिळतं. टिपणं घ्यायची तर पेन्सिल न्या. पुष्कळ ठिकाणी दालनात पेन चालत नाही. फ्लॅश तर नाहीच. तीस-चाळीस वस्तूंहून जास्त बघण्याचा हट्ट धरू नका. मी सात ठरवते, बाकीच्यांना नुसता रामराम. कॅटलॉग पहिल्या फेरीत घेऊ नका. जड असतो आणि घरी नेऊन ठेवला की दुसऱ्यांदा जायचं राहतं. दुसऱ्या फेरीनंतर घ्या, आणि आधी शेवटची पानं उघडून त्यात दाखल क्रमांकांसकट पूर्ण यादी आहे का बघा. नसेल तर ते नुसतं चित्रांचं पुस्तक आहे, पैसे वाचवा.

चहा-कॉफीची जागा तलावाकडे तोंड करून आहे, पण तिथे शेवटी जाऊ म्हणाल तर फसाल. पाचला बंद होत असेल तर पावणेपाचलाच रखवालदार किल्ल्या वाजवायला लागतात. मधेच एकदा बाहेर येऊन कॉफी घ्या, तिकीट जपून ठेवा, आणि मग परत त्या भेगांच्या वाटीकडे जा.